निवळलेलं पाणी

१

शाळेच्या स्वयंपाकघरातल्या पिंपात विष होतं. ज्या विहिरीतून ते पिंप भरलं होतं, तिच्या नमुन्यात मात्र ते नव्हतं.

सब-इन्स्पेक्टर हिमांशू रहांगडाले यांनी दोन्ही अहवाल जीपच्या बॉनेटवर शेजारी शेजारी ठेवले आणि वाऱ्यानं उडू नयेत म्हणून त्यांवर मोबाइल ठेवला.

"पिंपात क्लोरपायरीफॉस, म्हणजे वाळवीचं औषध. पोरांच्या उलटीतही तेच. विहिरीच्या पाण्यात काही नाही. विहीर आणि पिंप यांच्यामध्ये एकच माणूस येतो, मॅडम. स्वयंपाक करणारी शामकला."

रेणू बिसेन यांनी दोन्ही कागद पुन्हा वाचले. गोंदियाच्या एका कृषी महाविद्यालयात त्या मृदाशास्त्र शिकवत. हिमांशू त्यांचा जुना विद्यार्थी. त्याच्या फोनवरून त्या सकाळीच सौंदडला उतरल्या होत्या आणि तिथून जीपनं कोसंबीटोल्यात आल्या होत्या.

"मग मला कशाला बोलावलंस?"

"उद्या तिला अटक करायची आहे म्हणून." हिमांशूनं शाळेच्या फाटकाकडे मान वळवली. तिथे एक बाई जमिनीवर बसली होती. "आठवडा झाला, रोज सकाळी येऊन बसते. गावातले लोक समोर थुंकतात, तरी उठत नाही. विष घालणारी अशी बसेल का? पण हे कोर्टाला कसं सांगू?"

गेल्या आठवड्यात खिचडी खाल्ल्यावर पोरं ओकू लागली होती. तोंडातून लाळ, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. बाकीची घरी परतली. खुशी नावाची चौथीतली मुलगी अजून गोंदियाच्या दवाखान्यात होती. तिच्या आईनं, रुख्मानं, तक्रारीत शामकलाचं नाव घातलं होतं.

"आणि विहीर?"

"अहवाल स्वच्छ आला, म्हणून काल उघडली. उद्यापासून खिचडी पुन्हा सुरू. नवी बाई नेमली आहे."

विहिरीवर कोणीतरी बादली सोडत होतं. रहाटाचा आवाज रेणूंना नकोसा झाला.

२

"बसा जी. आधी पानी घ्या."

शामकलाचं घर शाळेसमोरच होतं. तिनं लोटा आणि पेला पुढे केला. हिमांशूनं हात मागे घेतला. रेणूंनी पेला उजेडात धरून पाहिला. पाणी काचेसारखं होतं. त्यांनी दोन घोट घेतले. जिभेच्या कडेला किंचित ओढल्यासारखं झालं.

शामकला बघतच राहिली. "तुमी पेऊन राहिल्या? ह्या गावात माह्या हातचं कोनी पेत नाई आता."

"कुठलं पाणी?"

"शाळेच्या हिरीचं. दुसरं कोठून आनू?"

"त्या दिवशी काय काय केलंत, सांगा."

"रोजच्यावानीच. पानी आनलं, फडक्यानं गाळून पिंपात टाकलं. डाळ-तांदूळ धुतलं, शिजवलं. पोट्ट्यायले वाढलं, मग मी खाल्लं. मलेबी ओकारी आली, साहेबाले इचारा."

"थोडंसं खाल्लं असेल," हिमांशू पुटपुटला. "संशय नको म्हणून."

शामकलानं त्याच्याकडे पाहिलं. "साहेब, मले मराचं असतं त घरीच मरली असती. पोट्ट्यायले घेऊन कायले मरू?"



"त्या सकाळी स्वयंपाकघरात दुसरं कोण आलं होतं?" रेणूंनी विचारलं.

"ओमेश्वरी. कढई मांगाले."

"ओमेश्वरी कोण?"

हिमांशूनं हळूच सांगितलं, "उद्यापासून जी स्वयंपाक करणार आहे ना, तीच."

३

ओमेश्वरी अंगणात तांदूळ पाखडत होती. पोलीस पाहूनही तिचं सूप थांबलं नाही.

"कढई मांगाले गेली त विष टाकाले गेली काय? थे पाहा कढई, भिंतीले टेकली हाय. परत नाई केली, हा गुन्हा हाय माहा. लिवून घ्या."

"शामकलाचं काम तुम्हाला हवं होतं?"

"हो जी, पायजे होतं. ह्या गावात कोनाले नाई पायजे? पन त्याच्यापायी पोट्टे मारू? माहा भाचा व्हता जेवनाऱ्यात. रातभर मांडीवर घेऊन बसली."

"उद्या पाणी कुठलं वापरणार?"

"हिरीचंच. जरा गढूळ हाय आता. फडक्यानं गाळलं तरी तसंच राहते. पोट्टे काय पाहून खातात?"

रेणूंनी झटकन वर पाहिलं. "गढूळ? केव्हापासून?"

"नहराचं पानी सुटलं तवापासून. इटियाडोह धरनाचं पानी आलं ना जी, उन्हाळी धानाले."

रेणू विहिरीवर गेल्या आणि बादली ओढून पेला भरला. पाणी दुधात राख कालवल्यासारखं फिकट होतं. तासाभरापूर्वी शामकलानं याच विहिरीचं पाणी दिलं होतं, पण ते असं नव्हतं.

मुख्याध्यापक भैयाजी कापगते वऱ्हांड्यात येरझाऱ्या घालत होते. रेणूंनी वाळवीचं नाव काढताच ते थांबले.

"दिवाळीच्या सुट्टीत औषध टाकलं, मॅडम. धान्याच्या खोलीला वाळवी लागली होती. मंगरू गड्यानं भिंतीच्या कडेनं नाली खोदली, त्यात ओतलं आणि माती लोटली. शाळा समितीचे अध्यक्ष चैतराम पटले स्वतः उभे होते. जरा जास्तच टाका म्हणाले."

"ती भिंत विहिरीपासून किती दूर आहे?"

"जवळच आहे," गुरुजी म्हणाले. "पण मी दुकानदाराला विचारूनच घेतलं होतं. तो म्हणाला, हे औषध मातीला धरून बसते, जागचं हलत नाही."

"त्यानं खरंच सांगितलं," रेणू म्हणाल्या. "ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. मातीला घट्ट चिकटतं."

हिमांशूनं हात पसरले. "मग झालंच की. औषध हलत नाही, विहीर स्वच्छ आहे. म्हणजे ते कोणीतरी हातानंच आणलं."

४

मंगरूनं उरलेल्या औषधाचा डबा आपण होऊन आणून दिला. झाकण गंजून बसलं होतं आणि दिवाळीपासून कोणी ते उघडल्याची खूण नव्हती.

"दुसरा डबा नव्हता जी. हाच होता. माह्या घरच्या छताच्या मयालीले टाकीन म्हणून ठेवला, पन बायको म्हणे वास येते."

"भिंत दाखवा."

धान्याच्या खोलीमागे शाळेचं कुंपण होतं आणि कुंपणापलीकडे चैतराम पटले यांची भातगिरणी. उसना, म्हणजे उकडा तांदूळ काढायचा बॉयलर धडधडत होता. कोंड्याची राख सगळीकडे उडत होती. अलीकडे विहीर, पलीकडे गिरणी आणि मधे खोलीची भिंत.

रेणू उकिडव्या बसल्या. कुंपणालगत मातीवर पांढरी पापडी धरली होती. तिचा तुकडा त्यांनी बोटानं उचलला. शेजारची माती साबणासारखी निसरडी होती आणि डबक्यातलं पाणी अगदी विहिरीसारखं फिकट. कुंपणापलीकडे एक गोल जागा ताज्या राखेनं बुजवलेली दिसत होती. सगळं आवार पायांखाली तुडवून घट्ट झालं होतं, तेवढीच जागा मऊ दिसत होती.

"इथे खड्डा होता का?"

मंगरू गिरणीकडे पाहत म्हणाला, "व्हता. संक्रांतीपरेंत गिरणीचं पानी त्यात सोडत, मंग दुसरीकडं वळवलं. पोट्टे आजारी पडले, त्याच्या दुसऱ्या दिवशी बुजवला."

"कोणी सांगितलं बुजवायला?"

तेवढ्यात कुंपणाच्या फटीतून आवाज आला. "काय खोदून राहिल्या, मॅडम? इथं माही जागा हाय!"

५

चैतराम पटले पांढऱ्या बंडीत होते. त्यांचा चेहरा रागानं लाल झाला होता.

"गुन्हेगार फाटकाशी बसली हाय. तिले सोडून माह्या गिरणीत कायले येऊन राहिले?"

"खड्डा का बुजवला, चैतरामभाऊ?" हिमांशूनं विचारलं.

"माह्या जागेतला खड्डा. बुजवीन नाई त ठेवीन."

रेणूंनी हातातली पापडी पुढे केली. "बॉयलरचं पाणी मऊ करायला तुम्ही मीठ वापरता ना? शेडमध्ये पोती दिसली."

"वापरतो. नाई त नळ्यायले चुना चढते. सगळ्याच गिरण्यायत वापरतात. त्यात काय झालं?"

"आणि पाणी मऊ करायचं यंत्र धुतलेलं खारं पाणी या खड्ड्यात सोडत होता. धान आलं तेव्हापासून संक्रांतीपर्यंत."

"मिठाच्या पान्यानं कोन मरते जी?" चैतराम ओरडले. "लोक म्हनतील, पटलेच्या गिरणीचं पानी शाळेत गेलं. म्हनून बुजवला. मी विष नाई टाकलं!"

"तुम्ही टाकलं असं मी म्हटलंच नाही," रेणू म्हणाल्या.

त्यांना आता बसवेना. विहिरीवरून कोणीतरी भरली घागर घेऊन जात होतं. अहवाल स्वच्छ होता, त्यामुळे कोणाला अडवायचं तर काय सांगायचं? एक गोष्ट कळली होती. दुसरी राहिली होती. विहिरीत विष असेल, तर प्रयोगशाळेच्या बाटलीत ते का नव्हतं?

"हिमांशू, विहिरीचा नमुना कोणी घेतला?"

"शिपाई धर्मेंद्र. सील त्याच्याच सहीचं आहे."

"त्याला बोलाव. शामकलालाही बोलाव. सगळ्यांना शाळेत बोलाव, आणि तोवर विहिरीच्या रहाटाला कुलूप लाव."

"कशाच्या आधारावर?"

"माझ्या सांगण्यावर. नंतर मला खोटं ठरव."

६

वऱ्हांड्यात तीन पेले ठेवले होते आणि तिन्हींत एकाच बादलीचं पाणी होतं. पहिल्यात ते तसंच ओतलेलं, दुसऱ्यात चौपदरी फडक्यातून गाळलेलं. तिसऱ्यातलं गाळून रेणूंनी त्यात तुरटीचा खडा फिरवला होता.

दुपार कलली. पहिला पेला गढूळच राहिला, दुसराही तसाच. तिसऱ्यात कापसासारखे पुंजके धरले, हळूहळू खाली बसले आणि वरचं पाणी काचेसारखं झालं.

ओमेश्वरीनं वाकून पाहिलं. "हे त आमाले माहीत हाय. तुरटीनं पानी निवळते. त्याच्यासाठी गोंदियाहून यावं लागते काय?"

कोणीतरी हसलं. रेणूही हसल्या.

"हे गढूळ म्हणजे मातीच आहे. पण इतकी बारीक, की फडक्याच्या भोकातून सहज जाते आणि कित्येक दिवस तळाशी बसत नाही. एरवी असे कण मोठ्या ढेकळांना धरून असतात. खारं पाणी महिनोन्‌महिने मुरलं की त्यांची पकड ढिली होते. माती खारी असेपर्यंत ते कळत नाही. मग नहराचं, म्हणजे कालव्याचं गोडं पाणी शेतांतून मुरत आलं, मीठ धुऊन गेलं आणि कण सुटले. भिंतीच्या कडेची माती पाण्याबरोबर विहिरीत झिरपू लागली." त्या गुरुजींकडे वळल्या. "तुमच्या दुकानदारानं चुकीचं सांगितलं नाही. औषधानं मातीला सोडलं नाही. मातीच हलली."

हिमांशूनं लगेच विचारलं, "मग अहवाल? विहिरीत औषध नाही म्हणतो!"

"धर्मेंद्र," रेणूंनी विचारलं, "बाटली तुम्ही भरली?"

"हो, मॅडम. म्हणजे, माझ्यासमोर."

"समोर म्हणजे?"

शिपायानं टोपी हातात घेतली. "मी चाय पीत होतो, मॅडम. इथंच, बाकावर. बाईला बोललो, एक बॉटल भरके दे. तोपर्यंत तक्रारीत हिचं नाव कुठं होतं? तिनं आणून दिली, मी सील मारलं."

सगळ्यांच्या माना शामकलाकडे वळल्या. ती खांबाला टेकून उभी होती.

"मीच भरून देली," ती म्हणाली. "सरकारच्या माणसाले गढूळ पानी कसं देवाचं जी? गावाची लाज जाते. हिरीचंच, घरून निवळलेलं आनलं. तुरटी फिरवलेलं, वरचं वरचं. बाटलीबी राखेनं घासून घेतली."

गिरणीचा बॉयलर तेवढा ऐकू येत होता.

"हे तू आठवडाभर काऊन नाही सांगितलंस?" हिमांशूच्या तोंडून त्याच्या घरची बोली आली.

"तुमी इचारलं काय? तुमी इचारलं, पिंपात काय टाकलं. मी काईच टाकलं नवतं."

"आणि पिंपातल्या पाण्याला तुरटी का नाही फिरवली?" रेणूंनी विचारलं.

"तुरटीच्या पान्यात डाळ लवकर शिजत नाई, मॅडम. घंटाभर लागते, पोट्टे ताट घेऊन बसतात. सैपाकाले नुसतं गाळलेलं. पेवाले आन पाहुन्यायले निवळलेलं."

रेणूंनी तिसरा पेला उचलला. "तुरटीनं कण खाली बसवले आणि त्यांना चिकटलेलं औषधही खाली बसलं. प्रयोगशाळेनं जे मिळालं तेच तपासलं, आणि ते खरोखर स्वच्छ होतं."

"एक मिनिट." हिमांशूतला पोलीस अजून मानत नव्हता. "शेवटी बाटली तिच्याच हातची आहे. तिनं मुद्दाम स्वच्छ पाणी दिलं असेल तर?"

"विचार कर. तू पिंपात विष घातलं आहेस. पोलीस तुझ्याच हातात बाटली देऊन म्हणतो, विहिरीचं पाणी भरून आण. तू काय करशील?"

हिमांशूनं तिसऱ्या पेल्याकडे पाहिलं.

"त्यात थेंबभर विष टाकशील," रेणू म्हणाल्या. "मग विहीर दोषी ठरेल आणि तू सुटशील. हिनं उलटं केलं. विहिरीला निर्दोष ठरवून सगळा दोष स्वतःवर घेतला. ज्याला स्वतःला वाचवायचं आहे, तो माणूस असं करत नाही."

"अहवाल आहे ना लेखी!" चैतराम मागून ओरडले. "सरकारी शिक्का हाय. विहीर साफ हाय. ह्या बाईच्या पेल्यायवर गाव चालन काय?"

ओमेश्वरीनं पहिला पेला उचलून त्यांच्यापुढे धरला. "साफ हाय ना भाऊ? घ्या मंग. पेऊन दाखवा."

चैतरामनी पेल्याकडे पाहिलं, मग सगळ्या गावाकडे. ते मागे सरकले.

"नाई?" ओमेश्वरी म्हणाली. "आन माह्या हातानं उद्या पोट्ट्यायले पाजाले लावत होते." तिनं पेला खाली ठेवला आणि पदराला हात पुसले. पुसतच राहिली.

रेणूंनी शामकलाला विचारलं, "तुमच्या घागरीच्या तळाशी गाळ असेल?"

"हाय की. कालपासूनचा हाय."

"तो आम्हाला द्या. आणि या वेळी बाटली धर्मेंद्रच भरेल."

७

प्रयोगशाळेचा निरोप येईपर्यंत हिमांशूनं अटक थांबवली. रहाटाचं कुलूप मात्र त्यानं कोणालाही उघडू दिलं नाही. पंचायतीनं टँकर मागवला. चैतराम पटले दोनदा ठाण्यात येऊन गेले आणि दोन्ही वेळा वेगळं बोलले.

निरोप आला तेव्हा रेणू कॉलेजातून निघत होत्या.

"मॅडम, घागरीतलं वरचं पाणी स्वच्छ आहे," हिमांशू धापा टाकत बोलत होता. "तळाच्या गाळात औषध आहे, भरपूर. धर्मेंद्रनं भरलेल्या गढूळ बाटलीतही आहे. भिंतीच्या मातीतही."

"शामकलाला सांगितलंस?"

"सांगितलं. गुरुजींनी तिला पुन्हा कामावर बोलावलं. ती म्हणे, आधी गोंदियाले जाते. बसमध्ये बसली आहे. एकटीच आहे, मॅडम. दवाखान्यात रुख्मा असेल. तुम्ही याल का?"

रेणू दवाखान्याच्या दाराशी थांबल्या. शामकला बसमधून उतरून चालत आली. तिची मान खाली होती आणि हातात काहीच नव्हतं.

"मॅडम, थे मले हाकलन काय?"

"माहीत नाही," रेणू म्हणाल्या. खोटं बोलणं त्यांना जमलं नाही.

खुशी खाटेवर उशीला टेकून बसली होती. चेहरा लहान झाला होता, डोळे मोठे दिसत होते. रुख्मा शेजारी स्टुलावर होती, हातात पेजेची वाटी. रुख्मानं वर पाहिलं. तिला निरोप आधीच कळला होता, हे तिच्या तोंडावर दिसत होतं. तरी ती वाटीत चमचा फिरवत राहिली. शामकला दाराच्या चौकटीतून आत आली नाही.

"आली काय," शेवटी रुख्मा म्हणाली.

"आली."

"सकाळपासून तोंड उघडून नाई राहिली ही. डाक्टर म्हनते, खाल्लं त सुटी देतो." रुख्मानं वाटीकडे पाहिलं. "शाळेत तुह्या हातचं दोनदा मांगून खाय म्हने."

रुख्मा स्टुलावरून उठली. शामकला आत आली, कोपऱ्यातल्या नळावर हात धुतले, पुन्हा धुतले आणि बसली. रुख्मानं वाटी तिच्या हातात दिली.

शामकलानं चमचा भरला. मग रुख्माला नीट दिसेल असा तो आधी स्वतःच्या ओठांकडे नेला.

रुख्मानं तिचं मनगट धरलं.

"चाखून कायले दाखवतं? भरव तिले."